क्लच प्लेट खरंच गेली आहे का? गिअर पडत नाही, पण घाटात गाडी व्यवस्थित ओढते (मदत हवी आहे)

खडी_चढण

मंडळी, गॅरेजमध्ये गाडी सोडण्याआधी जरा तुमचं मत हवंय.

गाडी २०१५ ची डिझेल हॅचबॅक, ९० हजार किमी झालेली, क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा). राहतो चिपळूणला, कामासाठी कुंभार्ली घाटाने कराडला जा-ये असते.

पाऊस सरल्यापासून सकाळी रिव्हर्स टाकला की कर्रर्र होतं. पहिलाही सरळ पडत नाही, रेटावा लागतो. इंजिन बंद करून टाकला तर पाचही गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखे पडतात. चालू गाडीत पेडल पटापट पंप केलं तरीही पडतात. त्याहून विचित्र म्हणजे, बहादूरशेख नाक्यावर पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून थांबलो, तर थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागते. ब्रेकवर पाय नसेल तर पुढच्या रिक्षाला टेकायचीच!

मेकॅनिकने गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली आणि निकाल दिला: "प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवू, पूर्ण सेट टाकू." खर्च चौदा हजार.

पण प्लेट संपली असेल तर क्लच स्लिप मारायला हवा ना? चार माणसं आणि सामान घेऊन घाट तिसऱ्यावर चढतो, आरपीएम आणि वेग बरोबरीने वाढतात, जळका वास नाही. हँडब्रेक ओढून चौथ्यात क्लच सोडून पाहिला, इंजिन जागच्या जागी बंद पडलं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी घरच्या घरी आणखी काय तपासता येईल?

पानापकड

तुमची शंका रास्त आहे. क्लच 'धरत' नाही आणि क्लच 'सुटत' नाही ही दोन वेगळी दुखणी. प्लेट झिजली की धरत नाही: आरपीएम चढतो, गाडी उचलत नाही, आणि हे आधी चढावर वरच्या गिअरमध्ये कळतं. तुमचा क्लच सुटत नाहीये. पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडं फिरवतच राहतं, म्हणून रिव्हर्स ओरडतो. पंप केल्यावर सुधारतोय म्हणजे संशय हायड्रॉलिकवर: लाइनमध्ये हवा, नाहीतर मास्टर (पेडलपाशी दाब तयार करणारा) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सपाशी त्या दाबाने क्लच सोडवणारा) सिलिंडरचं सील.

आधी क्लचच्या ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. मग टॉर्च घेऊन पेडलपाशी वाका आणि मास्टरचा रॉड जिथे आत जातो तिथे बोट फिरवा. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर त्याचा रबरी बूट जरा मागे सारून बघा, ओला आहे का.

खरी परीक्षा पुढे. घरातल्या कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा (गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, चाकाला दगड) आणि स्लेव्हच्या रॉडवर नजर ठेवा. पंप केल्यावर रॉड जास्त बाहेर येत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल दाबलेलं असताना रॉड हळूहळू मागे सरकत असेल आणि स्लेव्ह कोरडा असेल तर मास्टरच्या आतून दाब निसटतोय. नाक्यावर गाडी सरकते ती त्यामुळेच असावी.

लाल_माती

मेकॅनिकची बाजूही ऐका राव. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगसकट (क्लच सोडवताना दाबणारं बेअरिंग) असतो. तो गळाला तर गिअरबॉक्स उतरतोच, आणि मग मजुरी एकदाच द्यायची असल्याने ९० हजारांना सेट टाकणं शहाणपणाचं. दुसरं, आपल्याकडे पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली की गंजाने प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटते. तेव्हाही गिअर पडत नाही. फक्त पंप करून ते सुटत नाही, तेव्हा तुमच्याकडे ते नसावं.

खडी_चढण

पानापकडभाऊ, सांगितलंत तसं केलं. स्लेव्ह बाहेरच आहे, बूट कोरडा. मुलाला पेडल धरायला बसवलं: रॉड पूर्ण बाहेर आला आणि पेडल खालीच असताना डोळ्यांदेखत मागे सरकला. मास्टरच्या रॉडपाशी बोट तेलकट झालं, खालचं मॅटही ओलं आहे. आता नुसतं रबर किट टाकू की पूर्ण मास्टर?

पानापकड

मग मास्टरच. पूर्ण टाका. आतल्या भिंतीला ओरखडे किंवा गंजाचे खड्डे पडलेले असले तर नवं रबरही लवकरच फाटतं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरा, डबा नवा फोडलेला असू द्या, कारण ते हवेतली ओल शोषतं. हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर टाकी एकच असेल तर ब्रेकच्या लाइनमध्येही हवा जाऊ शकते. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

प्लेटला इतक्यात हात लावू नका. हँडब्रेकची परीक्षा पुन्हापुन्हा घेऊ नका, त्यात प्लेट उगाच जळते. मास्टर बसवल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल दाबलं की घरघर येते का ते मात्र ऐका. आली तर रिलीज बेअरिंग, आणि तेव्हा चौदा हजारांचं बोलणं पुन्हा काढावं लागेल.