मदत हवी आहे: उरलेलं आणि उष्टं यांच्या मधल्या अन्नाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेची भोजनगृहं तीन देशांत आहेत. शिल्लक अन्नाची एकच नियमावली सगळीकडे लावायची आहे आणि मसुदा माझ्याकडे आलाय. पंधरा दिवस कायदे वाचतेय, पण एका जागी अडकलेय.

पातेल्यात उरलेलं, वाढायला बाहेरच न आलेलं अन्न दानाला आणि ताटातलं उष्टं कंपोस्टला, इथपर्यंत ठीक. अडचण मधल्याची आहे. काउंटरवर मांडलं, त्याला डाव लागला, पण ताटात कोणाच्याच गेलं नाही. कोणाला बाधलं तर आपल्यावर येईल या धास्तीने आचारी ते सगळं ओल्या कचऱ्यात टाकतात. मला ते बघवत नाही.

हीच धास्ती घालवायला अमेरिकेत १९९६ साली कायदा झाला. सद्भावनेने दान केलेलं, खाण्यायोग्य दिसणारं अन्न बाधलं, तरी घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेली आगळीक नसेल तर दाता दिवाणी-फौजदारी जबाबदारीतून सुटतो. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगा माल मुद्दाम नासवायला बंदी केली. दक्षिण कोरियात २००५ पासून अन्नकचरा थेट कचराभूमीत पुरता येत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात तर जुलै २०२० पासून घरातला अन्नकचराही साध्या कचऱ्यात टाकायला मनाई आहे. द्यायला संरक्षण आहे, टाकायला बंदी आहे. मांडलेल्या पातेल्याचा निर्णय मात्र स्वयंपाकघरातच घ्यावा लागतो.

मी सध्या असं लिहिलंय: मांडलेलं अन्न सतत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं आणि तशी वहीत नोंद असेल, तर गरम असतानाच दानाला द्यायचं. नोंद नसेल तर कंपोस्ट, मग ते कितीही चांगलं दिसो.

अन्नदानाचं काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनी कृपया सांगा, असं मांडलेलं अन्न तुम्ही घेता का? घेताना काय तपासता, सही कोणाची घेता?

कंपोस्टबद्दलही एक. शिजलेलं अन्न तेलकट, खारट आणि ओलं असतं. सुकी पानं किंवा भुसा भरपूर मिसळूनही आमच्या छोट्या ड्रममध्ये ढीग ५५ अंशांवर तीन दिवस टिकत नाही, आणि रोगजंतू मरायला तेवढी उष्णता लागते. ड्रम मोठा घ्यावा की मिश्रण बदलावं?

तापमानाच्या नोंदवहीचा नमुना कोणाकडे असेल तर तोही टाका.