आबालालच्या कोल्हापुरातून चालताना : तुमचे अनुभव लिहा

गेल्या रविवारी उजाडता उजाडता रंकाळ्यावर संध्यामठासमोर उभी होते. पाणी चढलंय. मठाचे खांब अर्धे बुडालेत आणि उरलेला अर्धा खांब पडछायेला चिकटून पुन्हा अख्खा झालाय. आबालाल रहिमान हेच पाणी वर्षानुवर्षं बघत होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, १८८८ साली व्हाइसरॉय पदक मिळवून हा माणूस कोल्हापुरात परतला आणि रंकाळा, कोटितीर्थाचं तळं, पंचगंगेचा घाट रंगवत राहिला. पुढे बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, माधवराव बागल, चंद्रकांत मांडरे... गावाला चित्रकारांची कधी वाण पडली नाही.

१९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं इथं सांगतात. जी चित्रं आता बघायला मिळायची नाहीत, त्यांच्या जागा तरी पायी फिरून बघाव्यात असं मला फार वाटतं. तुम्ही या वाटांनी चालला असाल तर लिहा. कुठल्या वेळेला गेलात, काय दिसलं? दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

चित्रकला शिकत होतो तेव्हाचं सांगतो. थंडीत सर आम्हाला पहाटे पंचगंगेच्या घाटावर बोलवायचे आणि पहिला अर्धा तास रंगपेटी उघडू द्यायचे नाहीत. "आधी बघ. धुकं उठू दे, मग कागद ओला कर." मी एकदा देवळांच्या दगडाला सरळ काळा लावला. सरांनी माझा हात धरून मला पायरीवर खाली नेलं, ओल्या दगडाजवळ बसवलं आणि म्हणाले, "सांग आता, काळा कुठं दिसतोय?" खरंच नव्हता. पाण्यालगतचा दगड निळा-जांभळा होता, वरचा कोरडा दगड करडा-तपकिरी. त्या दिवसापासून माझ्या पेटीत काळी ट्यूब नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद येतो, त्यात तो घाट आहे.

घाट झाला की शिवाजी पूल ओलांडून वडणग्याकडं चालत सुटायचो, तिथून प्रयाग चिखलीपर्यंत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, ती या भागात. दोन्ही अंगाला ऊस. उसाचा हिरवा रंगवणं फार कठीण, कारण तुरा आला की वरचा सगळा पट्टा चंदेरी होतो आणि वाऱ्यानं दर क्षणाला बदलतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं पेटलेली असायची, काहिलीवरची वाफ आणि धूर एकमेकांत मिसळून शेतावर आडवे पसरायचे. मागं जोतिबाचा डोंगर, इतका फिका की त्याला नुसतं पाणी लावावं. आम्ही बोर्ड मांडून बसलो की गुऱ्हाळवाले हाक मारायचे, "आवो पाव्हणं, रस घ्या की!" माझ्या एका जुन्या चित्रावर काकवीचा थेंब अजून आहे. तो मी पुसला नाही.

*

माझं माहेर कोटितीर्थाजवळ. शेजारी शाहू मिल, १९०६ साली पाया घातलेली. लहानपणी तळं म्हणजे मिलची भिंत आणि शेवाळ, एवढंच माहीत होतं. आबालाल इथं बसायचे हे मला लग्न होऊन पुण्याला आल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं. गेल्या दिवाळीत मुद्दाम काठाकाठानं हिंडले. एक खंड्या आणि भिंतीवर पाण्याचा हलता उजेड. एवढंच, पण तासभर हलले नाही.

*

वरचं वाचून राहवलं नाही. तळ्यांबद्दल कुणी तरी बोलायलाच हवं. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम. या गावचे चित्रकार पाण्यापाशी वाढले, आणि आपण ते पाणीच बुजवत आलो. मंडईत मेथी निवडताना मी पायाखाली बघतो. उरलेल्या तळ्यांच्या काठानं मुलांना घेऊन चाला, एवढीच विनंती.

*

माझे बाबा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. आयुष्यभर नटनट्यांचे चेहरे, वीस-वीस फुटी. निसर्गचित्राला वेळच मिळाला नाही. डिजिटल बॅनर आले, काम थांबलं, मग गुडघेही थकले. गेल्या महिन्यात संध्याकाळी त्यांना रंकाळ्यावर घेऊन गेले. चालत जेमतेम दोनशे पावलं, मग कट्ट्यावर बसलो. सूर्य पलीकडच्या काठावर उतरलेला. बाबा बोलेनात. बघते तर उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरत होतं, आडवं, पुन्हा आडवं, मग एकदा वर.

मी त्यांना म्हटलं, शालिनी पॅलेस १९३४ साली पुरा झाला आणि आबालाल १९३१ लाच गेले, म्हणजे त्यांनी बघितलेल्या रंकाळ्यावर हा पुरा राजवाडा नव्हताच. त्यांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर नातवाची रंगपेटी मागून घेतली आणि चित्रकलेच्या वहीत रंकाळा काढला. पाणी, झाडांची काळपट रांग, आणि मध्ये कोरा सोडलेला कागद. मी विचारलं, "बाबा, राजवाडा कुठाय?"

"तिथंच आहे की. उजेडात गेलाय."