टायमिंग चेनचे गाईड झिजलेत, नुसते गाईड बदलू का?

जुनी टू-सीटर गाडी आहे, व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, सकाळी स्टार्ट केली की पुढनं खडखड, ऑईल प्रेशर आलं की गप्प. कव्हर काढलं तर चेनला जागेवर धरणारं वरचं प्लास्टिक गाईड तपकिरी पडून तडकलंय. कोल्हापुरात काम होईल का?

> भावा, आधी गाडी बंद ठेव. क्रँक नि व्हॉल्व्हचा मेळ हीच चेन ठेवते; तुकडा चेनमधी गेला आणि चेननं दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात. गाईड, टेन्शनर (चेन ताणून धरतो तो), चेन एकदमच बदल, आणि ऑईल पॅन उतरवून ऑईल पंपाची जाळी बघच, तुकडे तिथंच अडकतात.

> गाईडच्या पिना हातोडीनं ठोकू नको. आत आटे असतील तर बोल्ट, पाईपचा तुकडा नि वॉशर लावून ओढायच्या, कोल्हापुरातच उद्यमनगरात लेथवाला पुलर करून देईल.

> बसवल्यावर क्रँक हातानं दोन फेरे फिरव, क्रँक नि कॅमवरच्या टायमिंगच्या खुणा परत जुळल्या तरच सेल्फ मार.