अर्णवच्या सायकलचा ब्रेक खरखरतोय, कोणी सांगेल का?

मेघना, बी-३०४: सायकलच्या डिस्क ब्रेकमधलं कोणाला कळतं का? अर्णवचा मागचा ब्रेक खरखरतोय. रविवारी मित्रांबरोबर सिंहगडावर चाललाय. दुकानवाला म्हणाला, पावसात वाजतातच, चालवा.

शिरीष काका, ए-६०१: ओल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, किंचाळल्यासारखा आवाज येतो, चार-पाचदा ब्रेक दाबला की जातो. त्याचं काही नाही. कोरड्या रस्त्यावरही पत्रा घासल्यासारखी खरखर येत असेल तर डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड संपलेत. ब्रेक केबलचा आहे का हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा? चाकाजवळ उघडी तार स्क्रूने आवळलेली दिसली तर केबलचा.

मेघना: तार दिसतेय.

योगेश, सी-१०२: मग ताई, लिव्हरजवळचा गोल स्क्रू फिरवून केबल टाईट करा. माझा ब्रेक असाच कडक होतो, पॅडला कधी हातही लावला नाही 😎

शिरीष काका: तिथेच फसगत होते रे. पॅड झिजले की लिव्हर खोल जाते, आपण केबल ताणतो, लिव्हर परत छान लागते. झिजलेले पॅड आत तसेच. शिवाय साध्या केबल डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड सरकतो, बाहेरचा. स्पोककडचा जागचा हलत नाही. बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून त्याच्यावर नेऊन दाबतो. आतला पुढे घ्यायला स्पोकच्या बाजूला वेगळा स्क्रू असतो, त्याला कोणी विचारत नाही.

हायड्रॉलिकवाल्यांना तर एवढाही इशारा मिळत नाही. पॅड झिजेल तसे त्याला ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे येतात, लिव्हर जवळजवळ होती तशीच लागते. तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

सेक्रेटरी: उद्या टाकी साफ करणार आहेत. ११ ते २ पाणी येणार नाही. भरून ठेवा.

मेघना: 👍 काका, बघायचं कसं पण?

शिरीष काका: चाक काढलं तर उत्तम. नाहीतर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागाच्या, मागे पांढरा कागद धरायचा आणि टॉर्च मारायचा. पॅड म्हणजे एक पत्रा आणि त्यावर घासणारा थर. मोजायचा तो थर, पत्रा नाही. शिमानो कंपनी म्हणते ०.५ मिमी उरला की बदला. स्रॅम कंपनी पत्र्यासकट मोजायला सांगते, ३ मिमीच्या खाली गेला की बदला. एवढं बारीक डोळ्यांना कळत नाही, म्हणून मी एटीएम कार्ड शेजारी धरतो. ते पाऊण मिमी असतं. थर त्याच्याएवढा दिसला तर सपाट रस्त्यावर थोडे दिवस निघतील, पण घाट उतरायचा असेल तर मी आजच बदलीन.

लीना, ए-२०३: किती किलोमीटरला बदलायचे असं काही नसतं का?

शिरीष काका: नाही सांगता येत. वजन, उतार, चिखल, सगळ्यावर आहे. पावसाळ्यातली लाल माती पॅड आणि डिस्कच्या मध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. उन्हाळ्यात वर्षभर पुरतील असे वाटणारे पॅड पावसात बघता बघता जातात.

योगेश: आवाजाला डब्ल्यूडी-४० मारू का थोडं?

शिरीष काका: योगेश!! 🙏 ब्रेकजवळ स्प्रे नेऊच नकोस. साखळीला तेल घालतानाही डिस्कवर थेंब उडू द्यायचा नाही. पॅडने तेल प्यायलं की थर कितीही जाड असू दे, ब्रेक लागत नाही. घासून, भाजून लोक खटपट करतात, माझा त्यावर विश्वास नाही. नवे टाकावेत. डिस्क मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की स्वच्छ होते.

अर्णव: काका, चाक काढलं. बाहेरच्या पॅडला थर आहे. आतल्याला काहीच नाही, नुसता पत्रा 😬 [फोटो]

शिरीष काका: झालं तर मग. डिस्कवर नख फिरव, खाचा लागतायत?

अर्णव: थोड्या.

लीना: जाडी मोजायचा व्हर्नियर आहे माझ्याकडे, पाठवू का?

शिरीष काका: पाठव ना. शिमानोची नवी डिस्क १.८ मिमी असते, १.५ पर्यंत आली की बदलायची. तुझ्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असेल तर तीच धर.

अर्णव: १.७ आली 🎉 काका, सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड जास्त टिकतात म्हणे, ते घेऊ?

शिरीष काका: आधी डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलंय का बघ. असेल तर रेझिनचेच, म्हणजे मऊ थराचे, घे, नाहीतर सिंटर्ड डिस्क खाऊन टाकतील. जोडीच बदलायची, एक चांगला दिसतो म्हणून ठेवायचा नाही. आणि पुढच्या चाकाचे बघितलेस का? उतारावर खरा भार पुढच्यावर येतो.

अर्णव: पुढचे कार्डापेक्षा जाड आहेत.

मेघना: म्हणजे नवे टाकले की रविवारी जाऊ दे ना?

शिरीष काका: टाकले की लगेच नको. नवे पॅड आधी नीट धरत नाहीत. शनिवारी मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक लॉक न करता जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, असं पंधरा-वीस वेळा. मग चावा येतो. अर्णव, गडावरून खाली गोळेवाडीला पोचलास की डिस्कला बोट लावून बघू नकोस, चांगलंच भाजतं.

अर्णव: हो काका. पॅड ऑनलाइन मागवू?

शिरीष काका: आकार शंभर तऱ्हेचे असतात, शनिवारपर्यंत परत-बदल होणार नाही. जुने फेकू नकोस, उद्या दुकानात दाखवूनच तसेच घे. संध्याकाळी अ‍ॅलन की घेऊन खाली ये, बसवू.