परदेशातल्या निवासी फेलोशिप : सोलापूरहून आलेली विचारणा

सोलापूरहून

मंडळातल्या सर्वांना नमस्कार.

आमच्याकडच्या दोघांसाठी विचारते आहे. एक जण हातमागावर वॉल हँगिंग विणतो, चित्रंही त्याचीच. दुसरीची पीएचडी १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर आहे, आता तिला पुस्तक लिहायचं आहे. कामासाठी राहणं-जेवण देणाऱ्या परदेशातल्या संस्थांच्या याद्या नेटवर ढीगभर मिळतात. पण अर्ज कुठं करावा आणि तो कशामुळे अडतो, हे कुणी सांगेल का?

बर्लिनहून

ताई, संस्थेच्या नावाआधी काम कुठवर आलंय ते बघा. बाईंना अजून कागदपत्रं चाळायची असतील तर इटलीतल्या तळ्याकाठी महिनाभर राहून काही हाती लागणार नाही. त्यांनी आधी लंडन गाठावं. इंग्रजांच्या काळात लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचं दप्तर तिथं ब्रिटिश लायब्ररीत आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना ब्रिटनमधल्या अल्प मुदतीच्या संशोधनासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट मदत देतो. वयाची अट आहे, ती आधी वाचा.

टिपणं तयार असून फक्त प्रकरणं लिहायची उरली असतील, तर इटलीत जेनोवाजवळचं बोलियास्को किंवा कोमो तळ्यावरचं रॉकफेलर फाउंडेशनचं बेलाजिओ सेंटर बघा. मुक्काम साधारण महिन्याचा. संशोधनाचं मोठं ग्रंथालय हाताशी नसतं, म्हणून सगळं स्कॅन करूनच निघावं. बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकोलेग या संशोधन संस्थेची गोष्ट वेगळी. तिथं मुक्काम शैक्षणिक वर्षभराचा, आणि शहरातल्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवून देणारी माणसं संस्थेतच आहेत. स्पर्धा मात्र फार मोठी.

इटलीतच उंब्रियातल्या चिविटेला रानिएरी या संस्थेचं नाव प्रत्येक यादीत दिसेल. तिथं थेट अर्ज घेत नाहीत, नामांकनानंच बोलावतात. त्यामागे वेळ घालवू नका.

बोस्टनहून

विणकर दादांसाठी लिहितो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल हे कलाकारांसाठीचं निवासकेंद्र १९०७ पासून चालू आहे. राहणं, जेवण, स्टुडिओ फुकट. मुक्काम जास्तीत जास्त सहा आठवड्यांचा. प्रवासखर्चाला मदत गरज पाहून मिळते. पण खरी अडचण मागाची. कुठल्याही संस्थेच्या माहितीत ‘माग आहे’ एवढंच वाचून निघू नये. रुंदी किती, फणी कुठली, सुटे भाग आहेत का, हे अर्जाआधीच मेल करून विचारा. अनोळखी मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून तो एकसारखा ताणून घेण्यातच कित्येक दिवस जातात आणि चार आठवड्यांत हँगिंग अर्धवट राहतं. त्यापेक्षा सुटी करून नेता येईल अशी उभी चौकट न्यावी, किंवा त्या मुक्कामात फक्त चित्रं आणि नमुने करायचे असं अर्जातच स्पष्ट लिहावं. झेपेल तेवढंच काम मांडलेला अर्ज निवडणाऱ्यांना पटतो.

फोटोंवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. फ्लॅश मारला की वीण सपाट दिसते. उजेड एका बाजूनं तिरका पडू द्या. कॅमेरा कापडाच्या मध्यासमोर, अगदी समांतर, नाहीतर चौकोन तिरपा येतो. प्रत्येक कामाचा एक पूर्ण फोटो, एक जवळचा. सोबत माप, सूत, वर्ष. सत्काराचे, शाल-श्रीफळाचे फोटो अजिबात नकोत.

सोलापूरहून

शिफारस कुणाची घ्यावी? त्याच्या ओळखीत प्राध्यापक नाहीत.

बोस्टनहून

प्राध्यापकच हवेत असं नाही. त्याचं काम नीट पाहिलेला टेक्स्टाइल डिझायनर किंवा प्रदर्शन भरवणारा क्युरेटर चालतो. आमदारांचं पत्र उपयोगी नाही, त्यात कामाविषयी काहीच नसतं. बऱ्याच ठिकाणी शिफारस करणाऱ्यालाच लिंक जाते आणि पत्र त्यानंच अपलोड करायचं असतं. लेटरहेडवर सही घेऊन स्वतः जोडलेलं पत्र तिथं धरत नाहीत. शिफारस करणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा, मेल स्पॅममध्ये गेली का तेही विचारा.

बर्लिनहून

व्हिसाचं राहिलं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच अल्प मुदतीचा व्हिसा चालतो. त्याहून लांब मुक्कामाला त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून निवडीचं पत्र येताच नंबर लावा. अल्प मुदतीचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. प्रवासातला वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध. निमंत्रणपत्रात तारखा, पत्ता आणि कुठला खर्च संस्था करणार हे वेगवेगळं लिहून मागा. नुसतं ‘आम्ही आदरातिथ्य करू’ असं असेल तर पत्र बदलून घ्या. आणि अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली याचा खुलासा द्यावा लागतो.