मदत हवी आहे: लिनक्सवर व्हर्च्युअल विंडोज ७, डाँगल आणि घरून रिमोट डेस्कटॉप

नमस्कार मंडळी,

खानापूरला (जि. बेळगाव) आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. आमच्या भागात बरीचशी कामं एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी असतात. जुन्या फाइली सगळ्या पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये आहेत. मराठीला युनिकोडच्या आधीचे फाँट, कन्नडला नुडी. दरवर्षी तेच अहवाल आकडे बदलून छापायचे असतात, त्यामुळे या फाइली टाकून देता येत नाहीत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचा सहाव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून मशीनवर डेबियन लिनक्स घातलं आणि केव्हीएममध्ये (लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) ३२ बिट विंडोज ७ प्रोफेशनल चालवतो. या आतल्या विंडोजलाच पुढे गेस्ट म्हटलंय. पेजमेकर मस्त चालतो. मराठी फाँटच्या पॅकेजला यूएसबी डाँगल (परवान्याची किल्ली) लागतो, तो व्हर्ट-मॅनेजरमधून (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं अ‍ॅप) गेस्टला जोडला की समोर बसून काम करताना काहीच तक्रार नाही.

अडचण पुढे आहे. आमची ऑपरेटर जांबोटीच्या बाजूला राहते. दोन्ही भाषांत शुद्ध टाइप करणारं माणूस मिळणं इकडे किती कठीण आहे ते सीमाभागातल्यांना सांगायला नको. लेकरू लहान आहे, पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसतो, म्हणून तिला घरून काम करता यावं असं मनापासून वाटतं. वायरगार्ड (व्हीपीएन) लावला, रेमिना या रिमोट डेस्कटॉप अ‍ॅपमधून आरडीपीनं (विंडोजची रिमोट डेस्कटॉप पद्धत) ती गेस्टमध्ये शिरतेही. पण आरडीपीतून पॅकेज उघडलं की 'डाँगल सापडत नाही'. त्याच क्षणी इथल्या स्क्रीनवर उघडलं तर चालतं! म्हणजे डाँगल गेस्टपर्यंत पोचतोय. रिमोट सत्र दिसलं की पॅकेजच नकार देतंय, असा माझा अंदाज. काही डाँगलचे परवाने टर्मिनल (म्हणजे रिमोट) सत्रात मुद्दाम अडवलेले असतात.

मग आरडीपी सोडून स्पाइसनं (व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन दूरून दाखवणारी दुसरी पद्धत) जोडावं का? स्पाइसचा सर्व्हर गेस्टमध्ये नसून हायपरवायझरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) असतो, त्यामुळे गेस्टला आपण समोरच बसलोय असं वाटेल. शिवाय विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट २०२० पासून बंद आहेत. स्पाइस चाललं तर गेस्टचं नेटवर्क कार्डच काढून टाकता येईल, हे मला फार मोलाचं वाटतं. व्हर्च्युअलबॉक्समध्येही असा रिमोट डिस्प्ले आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक धंद्यासाठी फुकट नाही, म्हणून तो नको.

विचारायचं ते असं. तिच्याकडे मोबाइल डेटावर चालणारा मिंट लिनक्सचा लॅपटॉप आहे. अशा लाइनीवर स्पाइस टायपिंगपुरतं तरी नीट चालतं का? रंग कमी करून, वॉलपेपर काढून फरक पडतो का? तिच्याकडे आयबस (लिनक्सवरचं भाषा टाइप करायचं साधन) चालू असताना गेस्टमधला जुना कीबोर्ड गडबडतो का, की तिच्या लॅपटॉपवर नुसता इंग्रजी लेआउट ठेवावा? आणि नेटवर्कच काढलं तर तयार पीडीएफ गेस्टमधून बाहेर कशी आणायची? स्पाइसचं फोल्डर शेअरिंग विंडोज ७ वर कुणी रोज वापरतंय का?

लाइट गेली की यूपीएसवर गेस्ट आपोआप सेव्ह होऊन बंद व्हावा, यासाठी कुणाकडे चालू स्क्रिप्ट असेल तर तीही द्या. इकडे पावसात तिची गरज रोज पडते.