सुधारलेला समुद्री चाचा आणि हट्टी नायिका: हे प्रेम पटण्यासारखे कसे लिहावे?

प्रश्न (कोथरूडहून एक लेखिका)

मी अठराव्या शतकातील कोकणात घडणारी एक प्रेमकथा लिहीत आहे. नायक पूर्वी जहाजे लुटत असे आणि आता त्याने ते सोडले आहे. नायिका कोणाचेही न ऐकणारी आहे. खर्डा वाचून मैत्रिणीने विचारले की हा माणूस नेमका कधी आणि कशामुळे सुधारला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही, कारण तिसऱ्या प्रकरणात नायिकेचे डोळे पाहून तो बदलतो एवढेच मी लिहिले होते. नायक कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील आहे. काय करावे?

उत्तर (सदाशिव पेठ)

आधी नायकाचा मालक बदला. कान्होजी हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी तह करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले. त्यांचे दस्तक (परवाना) घेऊन जहाजे चालवणे इंग्रजांना मान्य नव्हते, म्हणून इंग्रजांच्या कागदांत ते चाचे ठरले. अशांच्या पदरी असलेल्या माणसाने पश्चात्ताप कशाचा करायचा?

त्याऐवजी १७५६ घ्या. त्या वर्षी पेशव्यांच्याच संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. (आपल्या पुण्याच्या इतिहासातील हे पान आपण जरा घाईने उलटतो.) त्या आरमारातील एखादा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, उघड्यावर पडला, पोटासाठी व्यापाऱ्यांची गलबते लुटू लागला आणि पुढे कौल (अभयपत्र) मागायला पेशव्यांच्या सुभेदारापुढे उभा राहिला, अशी कल्पना करून पाहा. ज्यांनी आपले आरमार बुडवले त्यांच्याकडेच अभय मागायचे, ही बोचणी कोणाच्याही डोळ्यांपेक्षा अधिक काम करील.

उत्तर (औंध)

कौलाची सूचना मला फार आवडली, कारण जगात अन्यत्रही चाचे असेच कागदावर सुधारले. इंग्लंडच्या राजाने ५ सप्टेंबर १७१७ रोजी माफीचा जाहीरनामा काढला आणि चाच्यांना शरण येण्यासाठी वर्षभराची मुदत दिली. बेंजामिन हॉर्निगोल्डने माफी घेतली आणि तो जुन्या सोबत्यांनाच पकडू लागला. जॉन रॅकमने माफी घेऊनही पुन्हा लूट सुरू केली आणि १७२० मध्ये तो जमैकात फासावर गेला. त्याच्याबरोबर पकडली गेलेली ॲन बॉनी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आली होती. म्हणजे हट्टी बाई जवळ असली की पुरुष सुधारतोच असे नाही, आणि आपल्या नायकासमोरही परत फिरण्याची वाट शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे.

उत्तर (नारायण पेठ)

नायिकेविषयी कोणीच बोलले नाही. तिचा हट्ट पाय आपटण्यापुरता असेल तर दहा पानांत कंटाळा येईल. तिला काहीतरी हवे असले पाहिजे. ती गलबताच्या मालकाची विधवा असू द्या आणि ते गलबत याच माणसाने लुटलेले असू द्या. सुभेदार त्याला कौल देऊ पाहतो आणि ही म्हणते की आधी माझ्या मालाची भरपाई, मग अभय. स्वतः अर्ज करून ती तो कौल अडवून धरते. किनाऱ्यावरील अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे, त्यामुळे शेवटी लग्न अशक्य नाही. मात्र हीच नायिका पुण्यातील ब्राह्मण घरातील दाखवली तर त्या काळात ते घडणे नाही. भरपाई फेडताना त्याला पावसाळ्यात नांगरलेल्या गलबतावर तिच्याच हाताखाली डागडुजी करू द्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, म्हणजे दोघांनाही पळायला जागा नाही.

प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. डोळ्यांचा प्रसंग काढून टाकला. आता कादंबरी तिच्या अर्जानेच सुरू होईल. अडचण एकच आहे की माझ्या तांडेलाला मोडी वाचता येत नाही, तेव्हा तो अर्ज त्याला वाचून दाखवणारा, आणि वाचताना दोन कठोर वाक्ये मुद्दाम गाळणारा, कारकून मला नव्याने उभा करावा लागेल.